मनगटावरची पट्टी

आधी बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. मी लक्ष दिलं नाही. पाण्यातलं काम करणाऱ्या बाईचे हात खाजतातच. मग कातडी सोलायला लागली, मग भेगा पडल्या, मग भेगांतून पाणी यायला लागलं. तेव्हाही मी म्हटलं, होईल बरं. हे लिहिते आहे ते यासाठी की कोणी दुसरीने असं म्हणत बसू नये.

मी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालते. घालत होते असं म्हणायला पाहिजे. राहायला उल्हासनगरात, चार नंबरच्या कॅम्पात, काम अंबरनाथ, बदलापूर, जिथे बोलावतील तिथे. मी चौथी शिकले. पण बाळाला कसं धरायचं ते कोणी मला शिकवलं नाही आणि माझं कधी चुकलंही नाही. मोरीत पाट टाकायचा, त्यावर बसून पाय लांब सोडायचे. बांगड्या काढून खिडकीत ठेवायच्या. मग बाळ पायांवर पालथं घ्यायचं, तेल चोळायचं, पीठ लावायचं, पाणी घालायचं. बाळ रडतं, रडू द्यायचं. पुसून, धुरी देऊन आईजवळ दिलं की झोपतं. बाळ झोपलं की बाळंतीण पाटावर.

पूर्वी खोबरेल आणि डाळीचं पीठ एवढंच असायचं. आता घराघरात खोकीच्या खोकी येतात. बाळाचं लोशन, बाळाचा शाम्पू, बाळाची क्रीम, आणि ते वाइप्स, ओल्या फडक्यासारखे. "मावशी, डॉक्टरने हेच सांगितलंय." सांगितलंय तर सांगितलंय. मी तेच लावायचे. सव्वा महिना झाला की साडी मिळायची, आणि साडीबरोबर उरलेल्या बाटल्या. "घेऊन जा मावशी, बाळाला आता दुसरं आणलंय." आमच्या घरात कित्येक वर्षांत साबण-शाम्पू विकत आणलेला नाही. सगळं बाळांच्या घरचं. काम संपवून आले की मी ते लोशन हाताला, तोंडाला लावायची. वास चांगला यायचा. आयुष्यभर माझ्या अंगाला तेलाचा आणि धुरीचा वास, म्हातारपणी पहिल्यांदा चांगला वास आला.

खरवईचं घर

बदलापूरजवळ खरवईला नवीन बिल्डिंगमध्ये एक काम होतं. एके दिवशी मी बांगड्या काढून पाटावर बसले आणि बाळाची आजी दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, हात दाखवा जरा."

दाखवले.

"खरूज तर नाही ना हो?"

"नाही. पाण्याने फुटलेत."

"पाण्याने असे फुटतात?"

"चाळीस घरचं पाणी लागलंय त्यांना."

ती हसली नाही. म्हणाली, "आज राहू दे. बाळाला मीच पुसून घेते." बाळ माझ्या पायांवर होतं, तिने ते उचललं. उचलताना तिने हातावर पदर घेतला होता, माझ्या पायाला बोट लागू नये म्हणून.

त्या बिल्डिंगचा मोबाइलवर ग्रुप आहे. आठवड्यात माझी बदलापूरची सगळी कामं गेली. कोणी भांडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. "मावशी, माझी आईच येतेय गावाहून." सगळ्यांच्या आया एकदमच गावाहून निघाल्या.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरने ट्यूब दिली. लावली की आग व्हायची. मी समजले औषध लागू पडतंय, आणखी लावली. दुसऱ्या डॉक्टरने दुसरी ट्यूब दिली. जितकं लावावं तितकं पेटायचं. हाताची आग मनगटावर आली, मग मानेवर, मग डोळ्यांच्या पापण्यांवर. भाकरी थापता येईना. साडीची पिन लावता येईना. परसाकडे जाऊन आल्यावर हात धुवायचे तर रडू यायचं. हे लिहायला लाज वाटते, पण ज्याला झालंय त्याला कळेल.

ताट

घरात मुलगा, सून वंदना आणि मी. नात शीतल बदलापूरला दिली आहे. तिला तेव्हा दिवस गेले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडेच. ती लग्न होऊन गेली तेव्हापासून मी म्हणत होते, हिचं बाळ माझ्या पायांवर. शंभर परक्यांची न्हाऊ घातली, आता घरचं.

एक दिवस वंदनाने माझं ताट वेगळं ठेवलं. वाटी, तांब्या, टॉवेल, सगळं. मी बघितलं. ती म्हणाली, "आई, राग मानू नका. शीतलच्या सासूचा फोन आला होता."

"काय म्हणते?"

"म्हणते, घरात असलं काही असेल तर आम्ही मुलीला पाठवणार नाही. इथेच करू बाळंतपण."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तोवर बरं होईल."

"आणि नाही झालं तर?"

वंदना भांडी घासत होती, घासत राहिली. मग म्हणाली, "पालेगावच्या मावशींकडे राहाल का थोडे दिवस?" म्हणजे माझ्या बहिणीकडे.

मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर ताट आणखी आधी वेगळं केलं असतं. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपण घरात आहोत ते केवळ कोणी बाहेर काढलं नाही म्हणून, असं वाटायला लागलं की घास उतरत नाही.

पट्टी

शेवटी मोठ्या इस्पितळात गेलो. नाव लिहीत नाही. तिथे चामडीच्या विभागात लांब रांग असते, बाकडी कमी आणि जो तो दुसऱ्यापासून अंतर ठेवून बसतो. सगळ्यांनाच वाटतं, आपलं साधं आहे, शेजारच्याचं लागेल.

आत एक तरुण डॉक्टरीण होती, केतकी म्हणून. तिने माझे हात स्वतःच्या हातात घेतले. मोजे न घालता. कित्येक महिन्यांत मला कोणी हात लावला नव्हता. मी म्हटलं, "लागेल तुम्हाला."

"नाही लागत, आजी. हे पसरणारं नाही. बहुतेक तुम्हाला काहीतरी बाहेरून लागतंय."

तिने समजावलं. आपण लोणचं टिकावं म्हणून मीठ-तेल घालतो, तसं बाटलीतला माल सडू नये म्हणून कंपन्या त्यात टिकाऊ औषधं घालतात. शाम्पूत, लोशनमध्ये, भांड्यांच्या साबणात. बहुतेकांना काही होत नाही, एखाद्याचं अंग ते घेत नाही. कोणाला रोजच्या रोज ते किती लागतं, हे ती मोजत होती. त्यासाठी तिने एक रबरासारखी मऊ पट्टी दिली, मनगटात घालायची. अंगाला जे जे लागेल ते ती पट्टी थोडं थोडं शोषून घेते, मग मशीनवर तपासतात.

"आठवडाभर काढायची नाही, आजी. झोपताना नाही, आंघोळीला नाही."

"नाही काढणार."

आणि मी काढली नाही. तेव्हा घरी मी ट्यूब-लोशन काही लावत नव्हते, आग व्हायची म्हणून; आंघोळही नुसत्या पाण्याने. त्या आठवड्यात माझ्याकडे एकच काम उरलं होतं, उल्हासनगरातच, एका सिंधी घरात. तिथल्या अम्माचा मुलगा मीच न्हाऊ घातलेला, आता त्या मुलाला मुलगा झाला होता. माझे हात बघून ती म्हणाली होती, "माई, बेटा तेरे हाथ का, पोता भी तेरे हाथ का. तू आ. बाकी लोग जाएं भाड में." देवाने तिचं भलं करावं. तिच्या घरी मात्र सगळ्यात जास्त बाटल्या होत्या. परदेशातून तिच्या नणंदेने पाठवलेल्या.

आठवड्याने पट्टी दिली. पुष्कळ दिवसांनी निकाल आला. केतकीच्या वरचे मोठे डॉक्टर होते, त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, यात विशेष काही नाही. नेहमीच्या घरात असतं तेवढंही नाही. म्हणजे बाहेरून काही लागत नाही, आजार आतलाच आहे. गोळ्या लिहिल्या. आणखी एक क्रीम. मी विचारलं, काम करू का? म्हणाले, करा, हात कोरडे ठेवा. न्हाऊ घालणारीने हात कोरडे ठेवायचे.

केतकी कागद उलटसुलट करून बघत राहिली.

मी घरी आले ती मेल्यासारखी. बाहेरचं असतं तर बंद तरी करता आलं असतं. आतलं म्हटल्यावर काय करणार? या वयात आतून सडायला लागलेलं माणूस काही परत नीट होत नाही. शीतलला सातवा सरत आला होता.

डोळे मिटले

त्यानंतर तोंड सुजलं. डोळे मिटले ते उघडेनात. वंदनाच सगळं करायची. ताट वेगळं ठेवणारी तीच, आणि माझी वेणी घालणारीही तीच. चेहऱ्याला पाणी लागलं की चरचरायचं, म्हणून ती बाळांचे वाइप्स घेऊन हलक्या हाताने माझं तोंड, मान, हात पुसायची. गार वाटायचं. दिवसातून कितीदा तरी पुसायची. मी म्हणायची, "पुस गं अजून."

तेवढंच एक बरं वाटायचं. बाकी वेळ मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मेलेलं बरं असं म्हातारी माणसं उठता बसता म्हणतात, त्याला अर्थ नसतो. मी म्हणत नव्हते, पण मला तसं वाटत होतं. दोन्हींत फरक आहे. मुलगा यायचा, उभा राहायचा, "कसं आहे?" विचारायचा. मी म्हणायची, "तू सांग, मला दिसत नाही." तो बाहेर जायचा. आपली आई ओळखू येत नाही हे मुलाला बघवत नाही. बरं आहे तेही.

भेगांत पू झाला, ताप चढला, तेव्हा रिक्षात घालून इस्पितळात नेलं आणि भरती केलं.

वॉर्ड

वॉर्डात सकाळी औषधाचं जांभळं पाणी यायचं. टबात हात बुडवून बसायचं. मग पट्ट्या, मग इंजेक्शन, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी. फेरीत दहाजणं पलंगाभोवती उभी राहून तुमच्या अंगाबद्दल इंग्रजीत बोलतात, आणि शेवटी "काय आजी, बरंय ना?" असं मराठीत विचारतात. मी म्हणायची, "तुम्हीच ठरवा."

इस्पितळात क्रीम बंद केली, नुसतं साधं पांढरं मलम लावायचे, ज्याला वास नाही की काही नाही. वाइप्स नव्हतेच. आणि हात हळूहळू शांत व्हायला लागले. डोळे उघडले. गोळ्यांनी झालं असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

शेजारच्या पलंगावर पूजा म्हणून पोरगी होती, अंबरनाथची. तिच्या अंगावर फोड होते आणि सोबत अंगावर पिणारं बाळ. बाळाचं पोट फुगलेलं, ते सारखं किंचाळायचं. वॉर्डातल्या बाया वैतागल्या. एक म्हणाली, "अगं, गप कर त्याला, आम्ही इथे मरायला आलोय, ऐकायला नाही."

पूजा रडायला लागली. मला राहवेना. मी म्हटलं, "आण इकडे. पण माझ्या हातात देऊ नको, पायांवर ठेव. पालथं."

मी पलंगावर पाय लांब केले. बांगड्या काढून उशीवर ठेवल्या. इस्पितळाची नावाची पट्टी होती मनगटात, हात वाळून काडी झालेला, तीही ओढून काढली. मला हात लावायचेच नव्हते, तरी काढली. मग पूजाने बाळ ठेवलं. मी पाय जरा हलवत राहिले. बाळाने वारा सोडला, सगळ्या वॉर्डाला ऐकू आला, आणि ते गप झालं. मघाची बाई म्हणाली, "बापावर गेलंय." पूजा हसली.

केतकी दारात उभी होती. आत आली आणि उशीवरची पट्टी उचलली.

"आजी, हे का काढलं?"

"बाळाला घेताना मनगटात काही ठेवत नाही. ओरखडा उठतो."

"कधीच नाही?"

"मला शिकवू नका. एवढी बाळं न्हाऊ घातली, एकाला ओरखडा नाही."

ती पलंगाच्या कडेला बसली. तिने हळू विचारलं, "मी दिलेली रबरी पट्टी? कामाला जायचात तेव्हा?"

"बांगड्यांबरोबर खिडकीत. मग परत घालायची. कधी विसरले नाही."

"मी काढू नका म्हटलं होतं ना."

"काढली कुठे? बाळापुरती बाजूला ठेवली. देवळात जाताना चप्पल बाहेर ठेवते, म्हणून मी अनवाणी फिरते का?"

ती हसली नाही आणि रागावलीही नाही. तिने पट्टी परत उशीवर, बांगड्यांशेजारी ठेवली. मग मला कळलं. माझे हात ज्या वेळी लोशनमध्ये असायचे, नेमकं त्याच वेळी ती पट्टी खिडकीत बसून उन्हं खात होती. मशीनने खिडकी मोजली होती.

बाटल्यांची पिशवी

केतकीने वंदनाला सांगितलं, घरात जे जे अंगाला लागतं ते सगळं घेऊन या. वंदना दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आली. केतकीने एकेक बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं. वाइप्सचं पाकीट हातात घेतल्यावर थांबली.

"हे कोण वापरतं?"

वंदना म्हणाली, "मी. आईंचं तोंड पुसायला."

"किती वेळा?"

वंदना बोटांवर मोजायला लागली. तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना. मी म्हटलं, "मीच पुसायला लावायची. हिला काय माहीत? मला काय माहीत? पाकिटावर बाळाचं चित्र आहे." तरी ती त्या दिवशी बसस्टॉपपर्यंत रडत गेली, असं नंतर मुलाने सांगितलं.

गोळ्या बंद झाल्यावर, मधे वेळ जाऊ देऊन, त्यांनी पाठीवर तपासणीचे चौकोन चिकटवले. प्रत्येकात वेगळं औषध, थेंबभर. पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. उल्हासनगरात, पत्र्याखाली, घाम येऊ द्यायचा नाही म्हणे. मी पंख्याखाली पालथी पडून राहिले. काढले तेव्हा बाकीची पाठ साफ आणि एकच जागा लाल, फोड आलेली. माल टिकवणारं तेच औषध. वाइप्समध्ये ते, लोशनमध्ये ते, आणि दुसऱ्या डॉक्टरच्या क्रीममध्येही तसलंच काहीतरी. त्याचं नाव लांबलचक आहे. शीतलने माझ्या मोबाइलमध्ये घालून दिलंय, दुकानदाराला दाखवते.

लोकांना वाटतं, कारण सापडलं म्हणजे सुटले. तसं नसतं. हे औषध भांड्यांच्या साबणात आहे, हात धुवायच्या साबणात आहे, फरशी पुसायच्या पाण्यात आहे. नवीन फ्लॅटच्या भिंतींच्या रंगातही असतं, वास घेतला तरी माझ्या पापण्या फुगतात. आणि बदलापूर-अंबरनाथला सगळे नवीन फ्लॅटच. केतकी म्हणाली, "आजी, जन्मभर लांब राहायचं." मी विचारलं, "आणि काम?" ती म्हणाली, "नुसतं तेल आणि पीठ वापरणारं घर असेल तर." असं घर मी शोधलं. नाही सापडलं. एक पोरगी म्हणाली, हातमोजे घाला ना मावशी. मोजे घालून बाळाला चोळायचं म्हणजे बोंबील साफ करणं झालं. कुठे दुखतंय, कुठे पोट कडक आहे, ते कातडीला कळतं. मोज्याला कळत नाही.

केतकी आता पट्टी देताना "काढू नका" म्हणत नाही. ती विचारते, "दिवसात कधी कधी काढावी लागेल?" आणि माझ्यासारख्या बायांना दंडावर बांधते. एवढं माझ्यामुळे झालं. माझं काम मात्र गेलं ते गेलं. ज्यांना असलं काही झालंय त्यांना एकच सांगते. दवाखान्यात जाताना आवरून सावरून, आपण कसं वागायला पाहिजे ते सांगत बसू नका. खरोखर हाताने काय करता ते सांगा, तुम्हाला ते सांगण्यासारखं वाटत नसलं तरी.

मोरी

शीतलला मुलगी झाली. तिच्या सासूला केतकीने कागद दिला होता, हा आजार पसरत नाही म्हणून. सासूने तो वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "कागद ठीक आहे हो, शीतलला पाठवते. पण बाळाला हात लावू नका. मनाची समजूत म्हणून." मी बरं म्हटलं. तसेही माझे हात अजून पातळ कागदासारखे. गरम पाण्याने परत फुटतात.

बाळ घरी आलं त्या दिवशी मी पिशवी भरली. पालेगावला जायचं ठरवलं होतं. घरात बाळ न्हाणार आणि मी बाजूला बसून बघणार, ते मला जमणार नव्हतं.

वंदनाने पिशवी बघितली. "कुठे निघालात?"

"बहिणीकडे."

"पूजाचं बाळ गप केलंत ते कशाने?"

"कशाने म्हणजे? पायांनी."

"मग तुमच्या पायांना काय झालंय?"

मी पिशवी खाली ठेवली. ती मोरीत गेली आणि तिने पाट टाकला. बाहेर येऊन म्हणाली, "बसा. मला काही येत नाही. सांगाल तसं करीन. चुकलं तर शिव्या द्या."

"शिव्या देईनच."

मी बसले, पाय लांब सोडले. हात पदरात गुंडाळून मांडीखाली दाबून ठेवले, कारण ते आपोआप पुढे जातात. शीतलने बाळ आणलं. वंदना हात पुढे करून वाकली.

"आधी बांगड्या काढ," मी म्हटलं.

तिने काढल्या. हिरव्या काचेच्या, काढताना एक वाढवली.

"घड्याळ?"

"तेही. मंगळसूत्र मागे टाक."

तिने सगळं खिडकीत ठेवलं आणि बाळ माझ्या पायांवर पालथं घातलं. घरचं बाळ. परक्यांच्या बाळासारखंच वजन. वंदनाने तेल लावलं, भीत भीत, मी म्हटलं दाब, पाठ आहे ती, पापड नाही. तिने दाबलं. पीठ लावलं. बाळ किंचाळायला लागलं, पोचवायला आलेली शीतलची सासू दारात येऊन उभी राहिली, मी तिच्याकडे बघितलं नाही. वंदनाने तांब्या भरला आणि धार धरली.

पाणी बाळाच्या पाठीवरून माझ्या नडगीवर आलं. गरम होतं, जरा जास्तच.

"थंड घाल थोडं," मी म्हटलं.

तिने घातलं.